परसबागेची अवजारं घेताना या चुका टाळा

मृग लागला की कोणी ना कोणी मोडकं खुरपं घेऊन माझ्या दारात येतं. "काकू, तुमच्या भागातली माती फार कडक हो." माती कडक आहेच. नाशिकची ही काळी माती वैशाखात विटेसारखी वाळते आणि पावसात पायाला धरून बसते. पण मी खुरपं उलटसुलट करून बघते तेव्हा ते बहुतेक वेळा एकाच जागी मोडलेलं असतं, पातं जिथे मुठीत शिरतं तिथे. तो सांधा दुकानातच कच्चा होता. घेताना सगळे पात्याची चमक बघतात, सांधा कोणी बघत नाही.

एका डब्यात सगळं घेणं

बाग नव्याने सुरू करणारे सगळ्यात आधी पाच-सात नगांचा सेट घेतात. रंगीत मुठी, चकचकीत पाती, वर हातमोजे. कुंडीतलं कोकोपीट हलवायला हे पुरतं. जमिनीत त्याचा निभाव लागत नाही, कारण पातं पातळ पत्रा दाबून काढलेलं असतं आणि त्याचं शेपूट मुठीत जेमतेम दोन बोटं गेलेलं असतं. तुम्ही अंगचा जोर लावता तो सगळा त्या दोन बोटांवर येतो.

मीही आधी असाच सेट घेतला होता. घर नुकतं बांधून झालं होतं. अंगणात गवंड्यांनी टाकलेली खडी आणि मुरूम काढून मेथी-पालकाचे वाफे करायचे होते. चैत्र चालू होता, जमीन तापलेली. तिसऱ्या दिवशी एका ढेकळाखाली खुरपं घालून मी ते पहारीसारखं उचकटलं आणि त्याची मान वाकली. मी ती दगडावर ठोकून सरळ केली नि पुन्हा कामाला लागले. खरी चूक ही. वाकवून सरळ केलेलं लोखंड त्याच जागी दगा देतं. अर्ध्या तासात मान तुटली, मूठ उजव्या हातात राहिली आणि तोल जाऊन डावा हात मातीत रुतलेल्या पात्यावर पडला. अंगठ्याच्या मुळाशी चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं, आणि वाफे त्या वर्षी झालेच नाहीत. म्हणून "सध्या साधंच घेतो, पुढे बघू" असं कोणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही.

जखम भरल्यावर तुटलेलं पातं घेऊन मी गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात अवजारं विकणाऱ्या लोहाराकडे गेले. म्हटलं, नवी मूठ बसवून आणि पाणी पाजून द्या. त्याने त्यावर कानस दोनदा ओढली आणि पातं परत माझ्या हातात दिलं. "ताई, ह्याला पाणी पाजून उपयोग नाही. पत्रा आहे हा."

त्याचं म्हणणं अगदी बरोबर होतं. लोखंड तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवल्यावर कडक होतं ते त्यातल्या कर्बामुळे. साध्या माइल्ड स्टीलमध्ये कर्ब ०.२५ टक्क्यांच्या आतच असतो, त्यामुळे ते कितीही बुडवलं तरी मऊच राहतं. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. म्हणूनच आपल्याकडचे लोहार जुने कमानपाटे घेऊन त्यांचे कोयते, विळे आणि खुरपी करतात. ती काळपट दिसतात, वर हातोड्याच्या खुणा असतात, आणि नवखा माणूस ती बाजूला सारून चकचकीत वस्तू उचलतो. मला याचं फार वाईट वाटतं.

खुरपं घेताना मी आधी मूठ धरून पातं डावी-उजवीकडे हलवते. किंचितही खेळलं तर परत ठेवते. मग मुठीचं मागचं टोक बघते. शेपूट आरपार येऊन तिथे वळवलेलं असेल तर उत्तम. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडं हवंच, नाहीतर लाकूड उभं फुटतं. शेवटी धारेच्या कडेवर बारीक कानस हलकेच ओढते. कानस लोण्यात गेल्यासारखी रुतली तर पातं मऊ आहे, सरकत आणि जेमतेम चावत गेली तर पाणी नीट पाजलेलं आहे. कानस पिशवीत नेते, दुकानदार काय म्हणेल याचा विचार करत नाही. चांगला दुकानदार काही म्हणत नाही.

एक खुरपं, एक विळा, एक सिकेटर म्हणजे फांद्या छाटायची कात्री, आणि जमीन असेल तर कुदळ-फावडं. पहिल्या वर्षी एवढ्यावर भागतं. बाकीचं काय लागतं ते बागच सांगते.

रंगवलेला दांडा

कुदळीचा दांडा रंगवलेला असेल तर मी तो घेत नाही. रंगाखाली गाठी लपतात आणि शिरा दिसत नाहीत. शिरा दांड्याच्या लांबीभर सरळ धावायला हव्यात. मध्येच तिरक्या बाहेर पडत असतील तर दांडा तिथेच फुटणार. बाभूळ चांगली, पण वाळलेली. आषाढात घेतलेला ओलसर दांडा त्या वेळी घट्ट वाटतो आणि फाल्गुनात कुदळीच्या नेढ्यात, म्हणजे दांडा बसायच्या भोकात, खडखडायला लागतो.

मग लोक कुदळ रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवतात. हा उपाय कृपा करून सोडा. लाकूड फुगतं, नेढ्यात जागा नसल्यामुळे त्याचे धागे दबून चेपतात, आणि वाळल्यावर दांडा आधीपेक्षा सैल होतो. घाव घालताना कुदळ निसटून मागे उभ्या असलेल्या मुलाला लागू शकते. त्यापेक्षा सुक्या लाकडाची पाचर ठोका आणि दांड्याला वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळा. दर वेळी पातळ हात द्या आणि नीट सुकू द्या. त्याला चार दिवस लागतात. लागू देत.

सिकेटर: न बघता घेतलेली कात्री

फांदी छाटायच्या कात्रीला आमच्या द्राक्षपट्ट्यात सगळे सिकेटरच म्हणतात. ती दोन प्रकारची मिळते. बायपासमध्ये धारेचं पातं दुसऱ्या जाड ओठाला घासून पुढे जातं. ॲन्व्हिलमध्ये पातं सपाट पट्टीवर येऊन टेकतं. वाळक्या काटक्यांना दुसरी चालते. हिरव्या फांदीला ती चेंगरते, आणि धार बोथट असेल तर फारच.

मुघल काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, आणि इथे अजूनही घरोघरी गुलाब असतात. माझ्या जावेकडे चौदा झाडं होती. एका ऑक्टोबरमध्ये तिने नव्या ॲन्व्हिल सिकेटरने एका सकाळीत सगळी छाटून टाकली. दिवाळीनंतर मला बोलावलं. फांद्या शेंड्याकडून काळ्या पडत खाली येत होत्या. प्रत्येक कापाशी साल चेपून सुटली होती, आणि अशा चेंगरलेल्या जागेतून बुरशी सहज आत शिरते. आम्ही दोघींनी निरोगी पांढरं लाकूड दिसेपर्यंत पुन्हा छाटणी केली. प्रत्येक झाडानंतर पातं स्पिरिटने पुसलं आणि कापांवर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावली. मोरचूद १०० ग्रॅम, चुना १०० ग्रॅम आणि पाणी एक लिटर, तेही प्लास्टिकच्या भांड्यात, कारण मोरचूद लोखंड खातं. तरी पाच झाडं गेली. त्यातलं एक तिच्या आईने दिलेलं गावठी गुलाबी होतं, त्याची फांदी आता कुठून आणायची?

सिकेटर घ्यायची तर पिंपळगाव किंवा निफाडकडच्या शेती-साहित्याच्या दुकानात जा. तिथले शेतकरी द्राक्षाची एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करताना दिवसभर तीच चालवतात, त्यामुळे तकलादू माल तिथे टिकत नाही. दुकानदाराला एकच विचारा: हिची स्प्रिंग आणि पातं सुटं मिळतं का? मधला स्क्रू खोलता येत नसेल, नुसता रिबिट मारलेला असेल, तर घेऊ नका. स्वित्झर्लंडची फेल्को महाग आहे, पण तिचा एकेक भाग बदलता येतो. रोज छाटणी करणाऱ्याने पैसे साठवून ती घ्यावी. कुंड्यांपुरतं काम असेल तर गरज नाही.

कापताना पातळ पातं झाडाकडे, जाड ओठ टाकून द्यायच्या भागाकडे. अंगठ्याएवढ्या जाड फांदीला सिकेटर पिळू नका, करवत घ्या.

ग्राइंडरवर धार

मशीनवर दोन मिनिटांत धार निघते आणि त्याच दोन मिनिटांत पातं वाया जातं. कडेला निळा रंग चढला की समजा, तिथलं पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं आणि त्याला पाजलेलं पाणी उतरलं. मग ते दर आठवड्याला बोथट होतं. सिकेटरला मी दगडावर हाताने धार लावते, फक्त उताराच्या बाजूने. खुरप्याला कानस पुरते. धार पार गेली की लोहाराकडून शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून नवी धार काढून, आणते.

डावखुऱ्यांनी तयार विळा घेऊ नये. त्याची धार उजव्या हातासाठी काढलेली असते. लोहाराला सांगितलं तर तो उलटी काढून देतो.

स्टेनलेस गंजत नाही म्हणून घेता? स्वस्तातलं धारही धरत नाही.

शेणखतात किंवा युरियात वापरलेलं अवजार तसंच ठेवून दिलं तर एका पावसाळ्यात त्याला खड्डे पडतात. माझ्याकडे मागच्या दारी कोरड्या वाळूची बादली आहे, तिच्यात थोडं गोडंतेल कालवलेलं असतं. काम झालं की खुरपं धुऊन, पुसून तिच्यात चार वेळा खुपसायचं.

खंडेनवमीला मी सगळी अवजारं पूजेला मांडते. आदल्या दिवशी दांड्यांना तेल होतं, पाचरी तपासून होतात, सिकेटर खोलून तिच्यातला चिकटलेला डिंक रॉकेलने निघतो आणि स्प्रिंग सैल वाटली तर बदलली जाते. दसरा झाला की गुलाबांची छाटणी असते.