एम अक्षराची वही : दुर्मीळ इंग्रजी शब्दांचा अर्थ आणि उगम शोधण्याची एक रीत

इंग्रजीतील दुर्मीळ शब्दांचे अर्थ आणि त्यांचे मूळ यांचा अभ्यास करावा, असे पुष्कळांना वाटते. परंतु संपूर्ण शब्दकोश समोर घेऊन बसल्यास आठवडाभरात उत्साह मावळतो. म्हणून एकच अक्षर निवडावे आणि निदान वर्षभर ते सोडू नये. एका अक्षराखालचे शब्द शेजारीशेजारी राहतात, त्यांपैकी काहींची रूपे इतकी जवळची असतात की एकाचे मूळ दुसऱ्याला चिकटवण्याचा मोह होतो, आणि तो मोह आवरता आवरताच व्युत्पत्तीची शिस्त अंगी बाणते.

गोव्यातील मराठी वाचकाने आरंभासाठी एम हे अक्षर घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवीन. ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. सुरुवातीच्या अक्षरांवर काम झाले तेव्हा संपादनाची पद्धत अजून स्थिरावली नव्हती, म्हणून तिसऱ्या आवृत्तीची फेरतपासणी ए पासून न करता एम पासून करण्यात आली आणि त्या नोंदी २००० पासून ऑनलाइन येऊ लागल्या. एमखालच्या नोंदी त्यामुळे अभ्यासाला सोयीच्या आहेत. माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे कारण मात्र दुसरे आहे. पूर्वेकडचे अनेक शब्द पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेले, त्यांतील बरेच एमने सुरू होतात, आणि पोर्तुगीज वळणाची अक्षरे वाचण्याचा सराव आपल्याला गावांच्या पाट्यांनी लहानपणापासून दिलेला आहे.

साधने थोडीच लागतात. युल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६ चा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि बार्देशातील आसगाव येथे १८५५ मध्ये जन्मलेले मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांचा १९१९ आणि १९२१ मध्ये दोन खंडांत निघालेला ‘ग्लोसारियु लूझो-आझियातिकु’ ही तीन साधने हाताशी असावीत. हॉब्सन-जॉब्सन आणि मोल्सवर्थ हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक डिजिटल ग्रंथालयात विनामूल्य पाहता येतात. दाल्गादोंचा ग्रंथ पोर्तुगीजमध्ये असला तरी त्यातील नोंदींची मांडणी इतकी नेटकी आहे की भाषा अर्धवट येत असली तरी काम भागते. आपल्या भूमीतील एका धर्मगुरूने केलेले हे काम आपल्याकडे आजही फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वही जाड घ्यावी आणि प्रत्येक शब्दाला एक पूर्ण पान द्यावे. पानाच्या माथ्यावर शब्द आणि त्याचा उच्चार, त्याखाली अर्थ आणि तो शब्द वापरलेले एक जुने वाक्य, मग तो छापील अथवा हस्तलिखित स्वरूपात सर्वांत आधी सापडल्याचे वर्ष, आणि शेवटी त्याचा प्रवास टप्प्याटप्प्याने लिहावा. कोशातील वर्ष म्हणजे शब्दाच्या जन्माचे वर्ष नव्हे. आजवर हाती आलेल्या लेखनात तो ज्या वर्षी प्रथम दिसतो ते हे वर्ष असते, आणि पुढे जुना पुरावा मिळाला की ते मागे सरकते. म्हणून हा आकडा पेन्सिलीने लिहिलेला बरा. ऑक्सफर्डच्या छापील आवृत्त्यांत शब्दाआधी खंजिराचे चिन्ह असेल, तर तो वापरातून गेलेला आहे असे समजावे. मूळ सांगताना एखाद्या रूपाआधी तारका दिसली, तर ते रूप कोठेही लिहिलेले आढळलेले नाही, विद्वानांनी तुलनेने ते बांधलेले आहे, असा तिचा अर्थ होतो.

पहिले पान मॉन्गूस या शब्दाला द्यावे. तो दुर्मीळ नाही, पण रीत शिकण्यासाठी त्याहून चांगला शब्द नाही, कारण कोशकार त्याचे मूळ मराठी ‘मुंगूस’ असल्याचे सांगतात. तेलुगू आणि कन्नड यांतही मुंगिसा, मुंगिसि अशी याच घराण्यातली रूपे आहेत, त्यामुळे मराठीच्याही मागे द्राविडी भाषांकडे बोट जाते. इंग्रजी रूपाच्या शेवटी हंसाच्या जातीच्या पक्ष्याचे, म्हणजे ‘गूस’चे, नाव ऐकू येते, तो केवळ कानाने केलेला बदल आहे. परका शब्द आपल्या ओळखीच्या शब्दासारखा करून घेण्याची ही प्रवृत्ती सर्व भाषांत असते, आणि ती ओळखता येणे ही या अभ्यासातील पहिली पायरी आहे.

त्यानंतर खऱ्या दुर्मीळ शब्दाकडे वळावे. हॉब्सन-जॉब्सनमध्ये ‘मोर्-द-शियँ’ असा एक मथळा आहे. फ्रेंचमध्ये त्याचा शब्दशः अर्थ ‘कुत्र्याचे मरण’ असा होतो आणि नोंद आहे पटकीच्या रोगाविषयी. रोग भयंकर, मरण वेदनेचे, म्हणून असे नाव पडले असावे, असे वाचणाऱ्याला सहज वाटते आणि तो पुढच्या पानाकडे जातो. येथेच थांबून नोंदीतील जुनी अवतरणे उलट्या क्रमाने, म्हणजे नव्याकडून जुन्याकडे, वाचत जावे. फ्रेंच रूपाच्या मागे पोर्तुगीज ‘मोर्देशीं’ दिसते. त्याच्याही मागे, १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता सांगतो की येथील लोक या रोगाला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही त्याचे बिघडवून ‘मोर्देशी’ केले आहे. १५४३ मध्ये गोव्यात आलेल्या साथीचे वर्णन करताना पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोर्रैया यानेही ‘मोरिशी’ असेच नाव दिले आहे. हे नाव म्हणजे आपली मोडशी. अपचनाने अथवा पटकीने होणारी वांती आणि जुलाब यांसाठी मराठीत आणि कोंकणीत चालत आलेला हा शब्द ‘मोडणे’ या धातूशी जोडला जातो. कुत्र्याचा आणि त्याचा काहीही संबंध नाही.

मोडशीतील ‘ड’चा ‘र’ कसा झाला, हा प्रश्न येथे विचारलाच पाहिजे, कारण ध्वनीतील प्रत्येक बदलाला दुसरे उदाहरण सापडेपर्यंत व्युत्पत्ती पक्की मानू नये. गोवेकराला उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. मडगावचे पोर्तुगीज रूप ‘मारगांव’, पेडण्याचे ‘पेर्नें’. पोर्तुगीज कानाला आपला मूर्धन्य ‘ड’ अनेकदा ‘र’सारखा लागला आणि त्यांनी तो तसा लिहिला. दुसरी गोष्ट एक्स या अक्षराची. शेल्डे गावाच्या पाटीवर रोमन लिपीत आरंभी एक्स असतो आणि आपण त्याचा उच्चार ‘श’ करतो. ‘मोर्देशीं’च्या पोर्तुगीज लेखनातही मधला ‘श’ एक्सनेच लिहिलेला असतो. शब्दाच्या शेवटी असलेला एम, जसा केपें या गावाच्या नावात आहे, तो उच्चारायचा नसून स्वर नाकातून काढण्याची खूण असतो. हे तीन नियम वहीच्या पहिल्या पानाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत. केवळ इंग्रजी जाणणारा वाचक अशा शब्दात ‘एक्स’चा ‘क्स’ वाचतो आणि ‘मोर्देक्सिम’पाशी अडकून पडतो.

पोर्तुगीज मार्गाने आलेले आणखी काही शब्द थोडक्यात पाहता येतील. ‘मार्गोसा’ हे कडुनिंबाचे जुने इंग्रजी नाव असून ते पोर्तुगीज ‘आमार्गोझा’, म्हणजे कडू, यातील आरंभीचा स्वर गळून झाले. ‘मॉइडोर’ हे सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडमध्येही चाललेले सोन्याचे नाणे, साधारण २७ शिलिंग किमतीचे. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ ‘सोन्याचे नाणे’ एवढाच. ‘मँडरिन’ हा शब्द चिनी वाटतो, परंतु तो आपल्या ‘मंत्री’पासून मलाय भाषेत आणि तेथून पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत गेला. ‘मान्सून’ सर्वांच्या ओळखीचा आहे, तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अरबी ‘मौसिम’ पोर्तुगीजमार्गे इंग्रजीत जाऊन मान्सून झाला आणि तोच अरबी शब्द वेगळ्या वाटेने मराठीत येऊन मोसम झाला. म्हणून ‘मोसमी वारे’ हे मान्सूनचे भाषांतर दिसत असले तरी दोन्ही शब्द मुळात एकच आहेत.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांबाबत विशेष सावध राहावे. ‘मॉन्ड’ हा शब्द कोशात एकाहून अधिक वेळा मथळा म्हणून येतो. एक मॉन्ड म्हणजे आपला मण, चाळीस शेरांचा. दुसरा मॉन्ड म्हणजे वेताची टोपली, आणि तो जर्मानिक भाषांतून आलेला जुना शब्द आहे. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवसाला इंग्रजीत ‘मॉन्डी’ गुरुवार म्हणतात. तो या दोहोंपैकी कोणत्याही मॉन्डचा नातलग नसून लॅटिन ‘मान्दातुम’, म्हणजे आज्ञा, यापासून आलेला आहे, कारण त्या दिवशी येशूने शिष्यांना दिलेल्या नव्या आज्ञेचे स्मरण होते. त्या दिवशी टोपलीतून दान वाटत असत म्हणून हे नाव पडले, असे कोणी सांगितल्यास ते वहीत घेऊ नये.

आता मधाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण एम अक्षराखाली याहून रसाळ प्रकरण मला सापडलेले नाही. ‘मेलिफ्लुअस’ म्हणजे मधासारखी वाहणारी वाणी. लॅटिन ‘मेल्’ म्हणजे मध. ‘मोलॅसिस’, म्हणजे उसाची काकवी, पोर्तुगीज ‘मेलासु’पासून आली आणि तिच्याही पोटात तोच मेल् आहे. ‘मार्मलेड’ पोर्तुगीज ‘मार्मेलादा’पासून आला. ज्या फळाच्या बिया आपले वैद्य बिहीदाणा म्हणून देतात त्या फळाचे पोर्तुगीज नाव मार्मेलु, आणि त्याचा माग काढत गेल्यास आपण ग्रीक ‘मेलिमेलॉन’, म्हणजे ‘मधाचे सफरचंद’, येथे पोहोचतो. मार्मेलुपासून मार्मेलादा कसा झाला, हे गोव्यात वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण पेरांपासून केलेली पेराद आपण नाताळात खातो. मार्मलेडविषयी अशीही एक कथा सांगितली जाते की स्कॉटलंडची राणी मेरी आजारी असताना तिच्यासाठी तो केला आणि फ्रेंच ‘मारी मालाद’, म्हणजे आजारी मेरी, यावरून नाव पडले. ही कथा तपासण्यासाठी वहीतील वर्षांचा रकाना पुरेसा आहे. आठव्या हेन्रीला मार्मलेडची पेटी भेट आल्याची नोंद १५२४ ची आहे आणि मेरीचा जन्म १५४२ चा.

मेल् हा लॅटिन मध झाला. मराठीतील ‘मध’ मात्र संस्कृत ‘मधु’पासून आला असून त्याचा इंग्रजीतील सख्खा नातलग ‘मीड’ हा आहे, ज्याचा अर्थ मधापासून केलेले मद्य असा होतो. मीड इंग्रजीने आपल्याकडून घेतलेला नाही. फार प्राचीन काळच्या एकाच मूळ भाषेतून तो तिकडे आणि मधु इकडे उतरला. उसना शब्द आणि नात्यातला शब्द यांतील हा भेद ज्याला समजला त्याची अर्धी वाट सरली. मॉन्गूस उसना आहे, मीड नात्यातला आहे. ‘मिथ्रिडेटाइझ’ या अत्यंत दुर्मीळ क्रियापदाचा अर्थ थोडेथोडे विष घेऊन शरीराला त्याची सवय लावणे असा आहे, आणि तो इ. स. पू. ६३ मध्ये मरण पावलेल्या, काळ्या समुद्राकाठच्या पाँटस राज्याच्या सहाव्या मिथ्रिडेटीस राजावरून आला. त्या राजाचे नाव इराणी असून त्याचा अर्थ ‘मिथ्र देवाने दिलेला’ असा होतो; आपले ‘मित्र’ आणि ‘दत्त’ हे दोन्ही शब्द त्याचे नातलग आहेत. वहीत अशा दोन प्रकारांसाठी दोन रंगांची शाई ठेवावी. उसनवारीचा प्रवास बाणाने दाखवावा आणि नाते दाखवण्यासाठी एका मूळ बिंदूपासून दोन रेघा काढाव्यात.

प्रत्येक शब्दाचे मूळ असे लांबून येत नाही. काहींच्या मागे एकच प्रसंग असतो. ‘मम्प्सिमस’ म्हणजे चूक दाखवून दिल्यावरही ती न सोडणारा माणूस, अथवा तशी चूक. लॅटिन मिस्सामधील ‘सुम्प्सिमुस’, म्हणजे ‘आम्ही ग्रहण केले’, या शब्दाऐवजी एक पाद्री वर्षानुवर्षे ‘मुम्प्सिमुस’ म्हणत असे. चूक सांगितल्यावर त्याने उत्तर दिले की तुमच्या नव्या सुम्प्सिमुससाठी मी माझा जुना मुम्प्सिमुस सोडणार नाही. ही कथा सोळाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित झाली आणि आठव्या हेन्रीने १५४५ मध्ये पार्लमेंटसमोरील भाषणात हे दोन्ही शब्द वापरले. असा शब्द लक्षात राहण्यासाठी आपल्या घरातील वाक्य लिहावे. चवथीच्या आरतीत ‘फणिवरबंधना’ऐवजी ‘फळीवर वंदना’ म्हणणारा आणि सांगूनही न बदलणारा माणूस प्रत्येक वाड्यावर असतो. त्याच्यावरून लिहिलेले वाक्य कोशातील व्याख्येपेक्षा अधिक काळ टिकते.

राहिले काम पुस्तकाबाहेरचे. कोशात मोडशीची जी रूपे आहेत ती साहेबांनी आणि पाद्र्यांनी कानांनी टिपलेली आहेत. पेडणे, सत्तरी, काणकोण येथील वयस्कर माणसांना हा शब्द अजून ठाऊक आहे का, ते तो कोणत्या दुखण्याला लावतात, ‘ड’ कसा उच्चारतात, हे विचारून वहीत गावाचे नाव आणि तारीख घालून लिहावे. विचारताना शब्द आपण आधी उच्चारू नये. दुखण्याचे वर्णन करावे आणि पूर्वी त्याला काय म्हणत असत, एवढेच विचारावे. नाहीतर समोरचा माणूस आपल्यासारखाच उच्चार करतो आणि नोंद निरुपयोगी होते. उत्तर म्हणून वेगळाच शब्द आला, तर त्यालाही त्याच पानाच्या तळाशी जागा द्यावी.