जुन्या पिकअपची हवेची वाट : कमी खर्चात इनटेक कसा सुधारावा

एक लिटर डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे दहा हजार लिटर हवा लागते, आणि प्रत्यक्षात डिझेल इंजिन त्याहून बरीच जास्त हवा आत घेते. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या पिकअपांना असते तसे अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरताना, टर्बोची, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याची, गोष्ट बाजूला ठेवली तरी, पावणेचार हजार लिटर हवा ओढते. ही वाट कुठे चिंबली, तुंबली किंवा बोनेटखालच्या गरम कोपऱ्यात उघडत असली की तुर्भ्याच्या मार्केटातून माल भरून निघालेली गाडी मुंब्रा बायपासच्या चढावर ओढ सोडते आणि काळा धूर मारते. अशा वेळी मालक आधी डिझेलचा पंप आणि नोझल खोलायला लावतात, हवेकडे कोणी बघत नाही. पंप-नोझलच्या कामाचे बिल पाहता हा क्रम उलटा असायला हवा.

अपेक्षा मात्र आधीच स्पष्ट असावी. डिझेलची ताकद मुख्यतः किती इंधन जळते यावर ठरते. त्यामुळे हवेची वाट मोकळी केल्याने इंजिनाची मूळ ताकद वाढत नाही, तर हरवलेली ताकद परत मिळते, धूर कमी होतो आणि टर्बोवरचा ताण उतरतो. ‘हवा वाढवली, आता पंपही थोडा वाढवून घ्या’ असा सल्ला मिळेल, तो ऐकू नये; जुन्या इंजिनाचे पिस्टन आणि हेड गॅस्केट त्या जादा उष्णतेसाठी नसतात.

काम सुरू करावे ते गळती शोधण्यापासून. इंजिन थंड असताना हवेच्या फिल्टरनंतरची, म्हणजे टर्बोकडे जाणारी रबरी नळी काढावी आणि तिच्या आतून स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. फडक्यावर पिठासारखी बारीक करडी धूळ आली, तर हवा फिल्टरला वळसा घालून आत शिरते आहे असे समजावे. ही धूळ म्हणजे दगडाचीच पूड असते. ती सिलिंडरच्या भिंती आणि पिस्टनच्या रिंगा अक्षरशः घासून काढते. माझ्या गाडीचे हेच झाले होते. एका गॅरेजात फिल्टर बदलताना त्याच्या डब्यातल्या मधल्या नटाखालचा रबरी वॉशर बसवायचा राहिला, आणि पुढचे चार महिने घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामाची धूळ थेट इंजिनात गेली. ऑइल मोजायची डिपस्टिक काढली की तिच्या नळीतून फुंकर जाणवू लागली, ऑइल कमी होऊ लागले, आणि शेवटी दहा-वीस रुपयांच्या वॉशरपायी रिंगा बदलाव्या लागल्या. तेव्हापासून दुसऱ्याने डबा बंद केला तरी तो वॉशर मी स्वतः बोटाने चाचपून पाहतो.

रबरी नळी दोन्ही हातांनी वाकवून पाहावी, कारण वळणाच्या आतल्या बाजूच्या भेगा नळी सरळ असताना मिटलेल्या असतात. क्लिप सैल असेल किंवा तिचे आटे गेले असतील तर नवीच घ्यावी. तारेने आवळलेली नळी हवाबंद नसते. डब्याच्या तळाशी धूळ सोडणारी रबरी चोच असते, ती फाटली किंवा हरवली असेल तर बदलावी. फिल्टरच्या बाबतीत स्वस्तातला माल घेऊ नये, कंपनीचा किंवा नावाजलेल्या बनावटीचाच घ्यावा आणि त्याच्या कडेचे रबर डब्यात घट्ट बसते की नाही हे दुकानातून हलण्यापूर्वी पाहावे. जुना फिल्टर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जोरात मारून घेण्याची आपल्याकडची सवय घातक आहे. मारायचीच असेल तर हवा आतून बाहेर, दोन बारपेक्षा कमी दाबाने आणि नळी लांब धरून मारावी. अन्यथा कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात. तेलाच्या भांड्याचा जुना एअर क्लीनर असलेल्या गाड्यांत तेल खुणेपर्यंतच भरावे, कारण जास्तीचे तेल इंजिन ओढून घेते आणि बेफाम पळू शकते.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे मोजमाप. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप पाच मीटर घ्यावी आणि फळीवर तिचा इंग्रजी ‘यू’ अक्षराचा आकार करून बांधावी. दोन्ही बाजू एक-एक मीटर उंच ठेवून त्या निम्म्यापर्यंत रंगीत पाण्याने भराव्यात. एक टोक मोकळे राहते. दुसरे टोक फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या नळीला जोडायचे असते. पुष्कळ गाड्यांत तिथे फिल्टर तुंबल्याचे दाखवणाऱ्या इंडिकेटरसाठी छिद्र असते. नसेल तर नळीचा धातूचा तुकडा गाडीवरून काढून, बाहेर भोक पाडून, कीस पूर्ण झाडून मगच परत बसवावा, कारण एक कीसही टर्बोच्या पंख्याला पुरतो. फळी केबिनमध्ये सोबत्याच्या हातात द्यावी आणि भरलेली गाडी गायमुखच्या घाटासारख्या चढावर पूर्ण अॅक्सिलरेटरने चढवावी. रिकाम्या गाडीत किंवा जागेवर रेस देऊन टर्बो इंजिन पूर्ण हवा ओढत नाही, म्हणून चढ आणि भार दोन्ही हवेत. दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीतला फरक म्हणजे अडथळा. डिझेल इंजिनांसाठी हा फरक २५ इंच, म्हणजे साधारण ६३ सेंटिमीटर झाला की फिल्टर बदलावा, असा सर्रास मानला जाणारा नियम आहे. पाणी ८० सेंटिमीटरच्या फरकाकडे जाऊ लागले तर पाय लगेच काढावा, नाहीतर ते इंजिनाकडे ओढले जाईल.

माझ्या गाडीत जुन्या फिल्टरवर ६१ सेंटिमीटर आले आणि नवा घातल्यावर ४७. मग तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, डब्यात हवा शिरते तिथे जोडून मोजले, तर नव्या फिल्टरसह त्या ४७ पैकी २१ सेंटिमीटर केवळ सुरुवातीच्या चिंबलेल्या, दोनदा वळलेल्या प्लास्टिकच्या तोंडाने खाल्लेले निघाले. आता पैसे कुठे घालायचे हे ठरवायला कोणाच्या मताची गरज उरली नाही.

हे तोंड बदलायचे ते दोन गोष्टी साधून : व्यास वाढवून आणि जागा थंड निवडून. नळीचा आतला व्यास ६३ मिलिमीटरवरून ७५ केला तर तेवढ्याच हवेसाठी अडथळा निम्म्यावर येतो. बोनेटखालची ६० अंशांची हवा आणि बाहेरची ३५ अंशांची हवा यांत, तेवढ्याच घनफळात, थंड हवेचे वजन आठ टक्क्यांनी अधिक भरते. म्हणून तोंड रेडिएटरच्या बाजूला, शो ग्रिलच्या मागे किंवा मडगार्डच्या आत न्यावे. यासाठी प्लंबिंगच्या दुकानातली ७५ मिलिमीटरची पीव्हीसी पाइप चालते, पण फक्त फिल्टरच्या अलीकडच्या बाजूला आणि एक्झॉस्टपासून दूर, कारण ही पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडते. काटकोनी एल्बोऐवजी ४५ अंशांचे दोन बेंड थोडे अंतर राखून वापरावेत, जोड सोल्युशनने पक्के करावेत, आणि इंजिन हलते व बॉडी वेगळी हलते म्हणून मध्ये एक रबरी तुकडा ठेवावा. तोंड समोर न ठेवता खाली किंवा मागे वळवावे, त्यावर उंदीर आणि कागद अडेल अशी जाळी लावावी, आणि आत आलेले पाणी निघून जायला पाइपच्या सर्वांत खालच्या बिंदूला पाच मिलिमीटरचे भोक पाडावे. फिल्टरनंतरच्या बाजूला मात्र पीव्हीसी, एम-सील किंवा लवचिक पन्हाळीदार नळी अजिबात नको. तिथे गाडीचीच रबरी नळी हवी.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणारा तापलेला भाग, आणि एअर क्लीनरचा डबा शेजारी असतील तर मध्ये अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा आडोसा, दोन्हींपासून बोटभर अंतर सोडून, बोल्टने बसवावा. फॅब्रिकेशनवाला तो तासाभरात करून देतो. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून तापून आलेली हवा थंड करणारा भाग, असेल तर त्याच्या जाळीतला चिखल-पिसे बाहेरून हलक्या पाण्याने काढावीत आणि त्याच्या होजवर साबणाचे पाणी लावून, सोबत्याला रेस द्यायला सांगून, बुडबुडे येतात का ते पाहावे. एवढ्या कामानंतर माझ्या गाडीचा आकडा ३४ वर आला आणि रिंगांचे बिल सोडता खर्च तीन हजारांच्या आत राहिला.

आकडा तरीही ५० च्या वर राहत असेल तर डबाच लहान आहे असे समजून एक आकार मोठा, सहज फिल्टर मिळणाऱ्या गाडीचा डबा जुना घ्यावा. कळंबोलीला ट्रक टर्मिनलच्या परिसरात किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर असे डबे मिळतात. घेताना झाकणाची कड सपाट आहे आणि आत गंज नाही हे पाहावे. उघडा, शंकूच्या आकाराचा ‘कोन’ फिल्टर मात्र आपल्या भागातल्या मालवाहू गाडीला मी कधीच सुचवणार नाही. तो बोनेटखालची गरम हवा ओढतो, पावसाचे पाणी घेतो, खदानीच्या धुळीत कागदाइतकी गाळणी करत नाही, आणि ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो तिथे त्याच्या जाळीला लावलेले तेल सेन्सरवर चढते. आवाज बदलतो म्हणून गाडी पळाल्यासारखी वाटते, एवढेच.

काम झाल्यावर पीयूसी करून घ्यावी. बीएस-३ आणि त्याआधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एककांची (धुराचा दाटपणा मोजायचे माप) आहे, आणि आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला फिटनेसच्या तपासणीसाठी दरवर्षी जावेच लागते. काळा धूर उतरला की दोन्ही ठिकाणी त्रास वाचतो. इंजिनाचा प्रकार किंवा इंधन असल्या नोंदणी पुस्तकातल्या बाबींना आपण हात लावत नाही, तरी इंजिनाच्या वायुवीजनाची (ब्रीदरची) नळी किंवा ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा, काढून ठेवण्याचा मोह टाळावा.

पावसाळ्याचा विचार तोंडाची जागा ठरवतानाच व्हायला हवा. नवी मुंबईचा बराच भाग भराव टाकून उभा राहिला आहे, भरती आणि मुसळधार एकत्र आली की रस्त्यावरचे पाणी ओसरत नाही. ठाण्यात वंदना डेपोच्या परिसराचा अनुभव सर्वांना आहे. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये थोडेसे जरी शिरले तरी पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून नवे तोंड मूळ तोंडापेक्षा खाली कधीच येऊ देऊ नये, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी फिल्टर उघडून कोरडा असल्याची खात्री केल्याशिवाय पुन्हा सेल्फ मारून पाहू नये.

मोजमापासाठी पाडलेल्या छिद्रात शेवटी लाल पट्टी दाखवणारा इंडिकेटर बसवावा. पट्टी लाल दिसली, किंवा पाण्यातून गाडी गेली, तरच फिल्टर उघडावा. एरवी डबा बंदच राहू द्यावा, कारण प्रत्येक उघडझापीत थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडतेच.