शब्बाथची तयारी: शनिवारचं गरम जेवण शुक्रवारीच कसं लावावं

शब्बाथची, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, तयारी म्हटली की सल्ले सुरू होतात ते मेणबत्त्या, पांढरी चादर आणि दोन पावांपासून. ते कुणालाही जमतं. घोडं अडतं ते शनिवारी दुपारच्या गरम जेवणाशी. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, विझवायचा नाही, लहानमोठा करायचा नाही आणि काही शिजवायचंही नाही. कोकणातल्या आम्हा बेने इस्राएल ज्यूंना गावोगावी ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी आमचा घाणा बंद असे. घाणा थांबवता येतो, पण घरच्यांना भूक लागायची ती लागतेच. त्यामुळे या लेखात मी चुलीबद्दलच जास्त बोलणार आहे.

गुरुवारी बाजार करा आणि निवडण्याची कामं उरका. शब्बाथला वर्ज्य असलेल्या 39 कामांत दळणं, चाळणं, मळणं, निवडणं ही सगळी येतात. म्हणजे तांदळातले खडे, कोथिंबिरीच्या काड्या, मेथीची पिवळी पानं, काहीही शनिवारी हातात घ्यायचं नाही. लिंबंही शुक्रवारीच पिळून ठेवा. छोले रात्री भिजत घाला आणि किद्दुशच्या, म्हणजे जेवणाआधी पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादाच्या, शरबतासाठी काळ्या मनुका पाण्यात टाका. कोशर (धर्मनियमांप्रमाणे केलेली) वाइन सहज मिळत नसे, म्हणून आपल्याकडे मनुकांचं शरबत रुळलं. शुक्रवारी सकाळी मनुका त्याच पाण्यात वाटून, गाळून बाटलीत भरल्या की झालं.

शुक्रवार रात्रीचं जेवण ताजंच असतं. नारळाच्या दुधातली मटणाची करी, भात, चपात्या. मांसाबरोबर दूधदही चालत नाही, त्यामुळे दाटपणा नारळाने आणायचा. हमोत्सीसाठी, म्हणजे पावावरच्या आशीर्वादासाठी, दोन अखंड पाव किंवा चपात्या झाकून ठेवा.

आता शनिवारचं जेवण. पुष्कळ जण सांगतात, ‘तीच करी मंद आचेवर राहू दे.’ अजिबात ठेवू नका. नारळाचं दूध रात्रभराच्या उष्णतेत फुटतं, वर तेल आणि खाली चोथा उरतो. रात्रभर टिकायचं असेल तर नारळाशिवायचाच पदार्थ हवा. आधी आच कशी मिळणार ते ठरवा, मग तिला झेपेल असा पदार्थ निवडा. माझं उत्तर हामीन, म्हणजे रात्रभर आचेवर राहणारा मटण-कडधान्याचा पदार्थ. पाच-सहा माणसांसाठी अर्धा किलो हाडांसकट मटण, एक वाटी छोले, अर्धी वाटी गहू, चार बटाटे, दोन कांदे, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ, गरम मसाला. सालीसकट चार-पाच अंडी धुऊन त्यात सोडली तर सकाळपर्यंत आतून तपकिरी होतात. चिंच, कोकम, टोमॅटो घालू नका, आंबटात कडधान्य शिजत नाही. छोल्यांऐवजी राजमा घ्यायचा असेल तर भिजवलेलं पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा. कच्च्या राजम्यातलं विष नुसत्या मंद उष्णतेने जात नाही, पोट बिघडतं.

हामीन शुक्रवारी दुपारीच पूर्ण शिजवा. ‘रात्रभरात शिजेलच की’ हा सल्ला दोन्ही अर्थांनी वाईट. धर्माच्या दृष्टीने अर्धकच्चं अन्न आचेवर ठेवलं की आच वाढवण्याचा मोह होतो. आरोग्याच्या दृष्टीने, अर्धकच्चं मटण कोमट राहिलं की नासतं. शिजल्यावर पाणी अन्नाच्या वर दोन बोटं असलं पाहिजे, कारण नंतर पाणी घालायचं नाही. भांडं जाड बुडाचं घ्या, झाकण घट्ट बसणारं. कुकरमध्ये शिजवा, पण रात्रभरासाठी पातेल्यात काढा.

माझा सगळ्यात जास्त वेळ रात्रीच्या आचेने घेतला, आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. जुनी पद्धत अशी: गॅसचा लहान बर्नर मंद करायचा, वर बर्नर आणि खटके झाकले जातील असा धातूचा पत्रा ठेवायचा, त्यावर पातेलं. शास्त्राला हे मान्य आहे. फ्लॅटमध्ये रात्री हे करू नका असं मी स्पष्ट सांगते. आपल्या बहुतेक शेगड्यांत ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद होत नाही. पंख्याच्या वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या रश्शाने ज्योत गेली तर घर झोपलेलं असताना गॅस साठत राहतो.

त्यापेक्षा विजेची प्लाता वापरा, म्हणजे बटण नसलेली, एकाच उष्णतेची सपाट हॉटप्लेट. इस्राएलमध्ये ती घरोघरी असते, आणि अश्दोद, दिमोना, लोदला नातेवाईक असलेल्यांना मागवणं अवघड नाही. तिथेही वीज 230 व्होल्टचीच, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर लागत नाही. पिन मात्र वेगळी असते. चांगला अडॅप्टर घ्या आणि 16 अँपिअरच्या पॉवर पॉइंटलाच लावा. पातळ एक्स्टेंशन वायर वापरू नका. खाली लाद्या किंवा कडप्पा हवा, भोवती पडदा, टॉवेल, कागद काही नको. 2015 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये शब्बाथसाठी चालू ठेवलेल्या हॉटप्लेटमुळे आग लागून एका घरातली सात मुलं गेली. स्वयंपाकघराबाहेर आणि झोपायच्या खोल्यांजवळ धुराचा अलार्म बसवा. आणि आग लागली तर विचार करत बसायचं नाही, फोन उचलायचा. जीव वाचवण्यापुढे शब्बाथचा नियम बाजूला ठेवायचा हे आपल्या धर्मातच सांगितलं आहे.

‘पातेलं गोधडीत गुंडाळून प्लातेवर ठेवा’ असंही सांगतात. आगीचा धोका तर आहेच, शिवाय चालू आचेवरचं भांडं सगळीकडून गुंडाळणं शास्त्रालाही मान्य नाही. झाकण पुरतं.

नवीन प्लाता पहिल्यांदा शब्बाथला लावू नका. आधी एखाद्या साध्या रात्री पातेल्यात पाणी आणि चार बटाटे घालून ठेवा, सकाळी स्वयंपाकाच्या थर्मामीटरने मोजा. 60 अंशांच्या खाली गेलं असेल तर त्या जागी अन्न ठेवू नका, कोमटात जंतू वाढतात. प्लातेचा मधला भाग बहुधा जास्त तापतो, म्हणून हामीन मध्ये ठेवा. भात रात्रभर ठेवूच नका. शनिवारी हामीनबरोबर गव्हाचाच आधार पुरतो, किंवा तळलेल्या रावसाच्या तुकड्या फ्रीजमधून काढून थंडच खा. फ्रीजचा दिवा मात्र शुक्रवारीच काढून ठेवा, नाहीतर दार उघडताच तो पेटेल.

शनिवारी वाढताना पातेलं प्लातेवर असताना डाव घालून ढवळू नका. आधी खाली उतरवा, मग वाढा. उतरवलेलं पुन्हा ठेवायचं की नाही, थंड कोरडं अन्न ठेवता येतं का, यावर रब्बींमध्ये मतभेद आहेत. आपल्या हज्जानला (प्रार्थनालयात प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारा आणि घरात एकच पद्धत पाळा.

चहासाठी शुक्रवारी कडक कोरा चहा उकळून गाळून ठेवा आणि थर्मासात उकळतं पाणी भरा. सकाळी थर्मासातलं पाणी एका कपात, त्यातून दुसऱ्या कपात, मग त्यात तो चहा. दूध घालायचं ते सकाळीच, मटण जेवल्यावर नाही.

शब्बाथचे दिवे सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी लावायचे, जेरुसलेममध्ये 40. मुंबईत सूर्यास्त नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास, जुलैत सव्वासात उलटल्यावर. म्हणजे त्याच कामासाठी थंडीत सव्वा तास कमी मिळतो. नोव्हेंबरात हामीन दुपारी एकलाच चढवा. प्लाता दिवे लावायच्या दीड तास आधी लावून पातेलं उकळतं असतानाच तिच्यावर ठेवा, आणि दिवा लावायच्या अगदी आधी झाकणाला हात लावून बघा. चटका बसला नाही तर अजून गॅस पेटवायला वेळ आहे.