मालवण-तारकर्लीचा वीकेंड: कोल्हापुरातून निघायच्या आधी तिथी बघा

सुट्टी लागली की कोल्हापुरात घरोघरी एकच विषय, समुद्राला कधी जायचं. हॉटेल बुक होतं, गाडीत हवा भरली जाते, भडंगाची पाकिटं बांधली जातात, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी कोणती हे कुणी बघत नाही. आणि लहान पोरं, आजी-आजोबा घेऊन जाणार असाल तर सगळ्यात आधी तेच बघायला पाहिजे, कारण बोट कधी घ्यायची, खडकात कधी फिरायचं, पाण्यात कधी उतरायचं हे सगळं भरती-ओहोटीवर ठरतं, आपल्या जेवणाच्या वेळेवर नाही.

हिशोब एकदम सोपा आहे, कोकणात जुनी माणसं तोंडी करतात. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, त्या वेळेच्या आसपास भरती पूर्ण असते. म्हणजे अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाला भरती, मग साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी आणि परत तेवढ्याच वेळानं भरती. शुक्ल असो वा कृष्ण, मोजायचं प्रतिपदेपासूनच. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतंय, त्यामुळं पोचल्यावर बोटवाल्याला किंवा घरमालकाला विचाराच, पण घरात बसून वीकेंड ठरवायला एवढं पुरतं.

आता कुठला शनिवार-रविवार धरायचा? पुनव-अमावस्येच्या आसपास उधाण असतं, पाणी लई वर येतं आणि तेवढंच लांब आत जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाण्याची हालचाल कमी. घरात अगदी बारकी पोरं असतील आणि मुख्य काम पाण्यात खेळायचं असेल तर भांगाचे दिवस बरे. पण किनारा धुंडाळायचा असेल, खेकडे-शंख बघायचे असतील तर द्वितीया-तृतीयेचा वीकेंड मिळाला तर सोडू नका, तेव्हा सकाळी पावणेआठ ते साडेआठच्या सुमाराला ओहोटी पूर्ण झालेली असते, ऊन चढलेलं नसतं आणि उधाण नुकतंच झालेलं असल्यानं खडक लांबपर्यंत उघडे पडतात. एक गोष्ट मात्र पक्की धरा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी वॉटर स्पोर्ट्स आणि किल्ल्याच्या बोटी बंद होतात त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत, त्यामुळं एप्रिल नाहीतर मेचा पहिला पंधरवडा गाठा.

रस्ता राधानगरी-दाजीपूर-फोंडा घाट-कणकवली-कसाल-मालवण असा. चार तास तरी धरा. शनिवारी पहाटे पाचला निघा, शुक्रवारी रात्री नको, दाजीपूरच्या पट्ट्यात गवे रस्त्यावर येतात आणि काळ्या अंगाचा गवा अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. सोबत धपाटी, दही, खर्डा असला की घाटाच्या आधी नाष्टा उरकतो, मात्र ज्याला गाडी लागते त्याला खर्डा देऊ नका, आलेपाक द्या.

शनिवारी दुपारी काही करू नका. खरंच काही करू नका. सुरमई किंवा बांगडा, सोलकढी, आणि झोप. कोकणातला घाम आपल्याकडच्या उन्हासारखा नसतो, अंगातलं पाणी कधी संपलं ते कळत नाही, पोरं चिडचिड करायला लागली की समजायचं. कोकम सरबत, शहाळं सारखं देत राहा. पाचनंतर किनाऱ्यावर जा.

आणि इथं आपल्या कोल्हापूरकरांना एक कळकळीनं सांगणं आहे. आपली पोरं पंचगंगेच्या घाटावर, नाहीतर गावाकडच्या विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेली, त्यामुळं पाण्याचं भ्या नसतं. पण विहिरीचं पाणी तुम्हाला कुठं ओढून नेत नाही, समुद्राचं नेतं. लाटा फुटताना जिथं मधेच एक शांत, गढूळसर पट्टा दिसतो ना, तिथं पोरं मुद्दाम जातात कारण लाट नसते, आणि नेमकं तिथूनच पाणी आत परत जात असतं. त्या पट्ट्यात सापडलात तर किनाऱ्याकडं तोंड करून झुंजू नका, दमून जाल. आडवं, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ संपली की मग बाहेर या. आणि मोठ्यांपैकी एकानं कोरडं राहून फक्त पोरांकडं बघायचं, मोबाईल खिशात, दर अर्ध्या तासानं माणूस बदला. तारकर्लीच्या पुढं देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं तर ओहोटीला पाण्यात उतरूच नका, नदी पण बाहेर ओढते आणि ओहोटी पण.

बोटीसाठी रविवारची सकाळ ठेवा, शक्यतो सातच्या आत. सकाळी वारा पडलेला असतो, दुपारकडं समुद्रावरून वारा सुटला की बोट हेलकावते आणि निम्मं घर ओकत बसतं. देवबागहून बोट कर्लीच्या खाडीतून जाते, एका बाजूला माड, पुढं भोगवे, त्सुनामी आयलंडची वाळू, नशीब असलं तर बाहेर डॉल्फिन. डॉल्फिन दिसले की बोटवाल्याला पाठलाग करायला लावू नका, इंजिन हळू ठेवलं तर तेच जास्त वेळ दिसतात. बोट ठरवताना नुसते पैसे विचारू नका, किती ठिकाणं, किती वेळ, बोटीत किती माणसं हे आधी बोलून घ्या.

लाइफ जॅकेट स्वतः तपासा. पोराला घाला, सगळी बक्कलं लावा, पट्ट्या ओढून घट्ट करा आणि मग खांद्याच्या दोन्ही पट्ट्या धरून पोराला वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत सरकलं आणि पोरगं खालीच राहिलं तर ते जॅकेट त्याच्या मापाचं नाही, पाण्यात गेल्यावर असंच होणार, दुसरं मागा. नसेल तर ती बोट सोडा. आतला फोम दाबून बघा, चिपाड झाला असेल तर तोही परत करा. लाजायचं काय त्यात.

द्वितीया-तृतीया साधली असेल तर शनिवारी पोचेपर्यंत ओहोटी निघून गेलेली असते, मग रविवारी बोटीवरून आल्या आल्या मालवणच्या रॉक गार्डनला जा. खडकातल्या डबक्याजवळ नुसतं उकिडवं बसायचं, सावली पडू द्यायची नाही, आणि दोन मिनिटं कुणी हलायचं नाही. मग रिकामा वाटणारा शंख चालायला लागतो, कारण आत खेकडा राहतोय. वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, ती पण पिटुकल्या खेकड्यांची, ते वाळूतलं खाणं चाटून घेतात आणि वाळूची गोळी करून टाकून देतात. शंख उचलताना उलटा करून बघा, आत कोण असेल तर जागेवर ठेवा. पायात पट्ट्याचे सँडल पाहिजेत, कोल्हापुरी चपला खोलीवर ठेवा, खाऱ्या पाण्यानं चामडं कडक होऊन जातं. वाळूच्या उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता घासत चाला, म्हणजे वाळूत दबलेलं पाकट, म्हणजे तो चपटा मासा, आधीच पळून जातं, त्याच्या शेपटीचा काटा लई वाईट.

सिंधुदुर्ग किल्ला बघितल्याशिवाय कोल्हापूरच्या माणसानं परत येऊ नये. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर काम सुरू केलं. मालवण जेटीवरून बोट जाते, आत साधारण तासभर मिळतो. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, आणि पुढचा सभामंडप आपल्या शाहू महाराजांनी बांधवला, हे पोरांना तिथं उभं राहून सांगा. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, त्या दाखवा. तटावर सावली नाही, टोपी आणि पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी.

जेवून तीनच्या आत निघा म्हणजे फोंडा घाट उजेडात चढून होतो. ओले कपडे गोड्या पाण्यातून काढून मगच पिशवीत भरा, आणि घरी आल्यावर गाडी खालून धुवून घ्या, मीठ चिकटून राहिलं की पत्रा गंजतो.