आगमनकाळ: नाताळच्या तयारीत या चुका टाळा

बाजारात मिळणारी चॉकलेटची दिनदर्शिका १ डिसेंबरला उघडते, म्हणून आगमनकाळही, म्हणजे नाताळच्या आधीचा ख्रिस्ती तयारीचा काळही, १ डिसेंबरलाच सुरू होतो असं धरून बरीच घरं चालतात. पहिली चूक इथेच होते. नाताळच्या आधीचे चार रविवार उलटे मोजायचे, चौथा येईल तो आगमनकाळाचा पहिला रविवार. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा रविवार तोच असतो, त्यामुळे तारीख २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये फिरते. २०२६ साली हा रविवार २९ नोव्हेंबरला आहे, २०२७ साली २८ नोव्हेंबरला आणि २०२८ साली थेट ३ डिसेंबरला. खुद्द २५ डिसेंबर रविवारी आला, २०२२ मध्ये आला होता तसा, तर तो मोजायचा नाही. तो मोजला की सगळं एक आठवडा पुढे सरकतं. उपासनेच्या हिशेबाने रविवार शनिवारी संध्याकाळीच लागतो, म्हणून घरात दर रविवारी एक वाढवायच्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली शनिवारी तिन्हीसांजेला लावली तरी चालते.

गोव्यात या गोंधळाला आणखी एक पदर आहे. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताची (सणाची) नोव्हेना २४ नोव्हेंबरला सुरू होते, पणजीच्या सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, २९ नोव्हेंबरला. या नऊ दिवसांच्या प्रार्थना त्या त्या फेस्ताच्या, ३ आणि ८ डिसेंबरच्या. आगमनकाळ त्यांच्यावरून मोजायचा नाही.

गायनमंडळांची नेहमीची चूक म्हणजे आगमनकाळाला ईस्टरआधीच्या उपवासकाळासारखं वागवणं. उपासनेच्या वस्त्रांचा रंग जांभळा दिसला की ‘आलेलुया’ हे स्तुतिगीतही गाळून टाकतात. आगमनकाळात रविवारच्या मिस्सात (चर्चमधल्या उपासनेत) ‘ग्लोरिया’ हे गौरवगीत म्हणत नाहीत, पण ‘आलेलुया’ राहतो. ३ आणि ८ डिसेंबरला रंग पांढरा आणि ‘ग्लोरिया’ही असतो, हे आधी न बघितल्याने ऐन वेळी ऑर्गनवाल्याची पानं उलटापालट सुरू होते. वेदीवर फुलांची रासही या दिवसांत नको, ती नाताळसाठी राखायची.

आता या मेणबत्त्यांचं चक्र, म्हणजे त्यांची गोल मांडणी. सगळ्यात जास्त घोटाळे यातच होतात.

याचं मूळ जर्मनीत आहे. हॅम्बुर्गला योहान हिन्रिक विखेर्न यांनी १८३९ साली अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल. ‘नाताळ कधी?’ या रोजच्या प्रश्नाला ते उत्तर होतं. कॅथलिक घरांत आज चारच असतात, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची, आणि ती चौथी लावायची नाही. २०२६ मध्ये हा दिवस १३ डिसेंबरला येतो. मध्ये पांढरी ठेवायची असेल तर ठेवा, मात्र ती २४च्या रात्रीच पेटते.

पहिली मेणबत्ती दर आठवड्याला पुन्हा पेटवायची असते आणि शेवटी चारही जळतात. त्यामुळे पहिली खूप खाली उतरते आणि चौथी जवळपास नवी राहते. कुणी तरी ‘वाईट दिसतं’ म्हणून पहिली मध्येच बदलतं. बदलू नका. त्या पायऱ्यांवरूनच किती आठवडे गेले ते दिसतं. मात्र लांबीचा हिशेब आधी करा. दोन सेंमी जाडीची साधी मेणबत्ती तासाला साधारण दोन-अडीच सेंमी उतरते. रोज १५ मिनिटं लावली तर २०२६च्या २६ दिवसांत साडेसहा तास होतात, म्हणजे तेरा ते सोळा सेंमी. २० सेंमीची मेणबत्ती पुरते, १२ सेंमीची तिसऱ्या आठवड्यातच चक्राभोवती सजवलेल्या फांद्यांपर्यंत पोहोचते. जेवण होईपर्यंत तासभर जळत ठेवली तर कुठलीच पुरणार नाही.

जांभळी मेणबत्ती मिळाली नाही की काही जण पांढरं मेण वितळवून त्यात खाण्याचा रंग किंवा कुंकू घालतात. पाण्यात विरघळणारा रंग मेणात मिसळत नाही. तो तळाशी बसतो आणि त्याचे कण वातीत अडकून ज्योत तडतडते, विझते. मेणाचे खडू किसून घातले तरी वात तुंबते. त्यापेक्षा चारही पांढऱ्या घ्या आणि बुडाला जांभळी-गुलाबी फीत बांधा, बुडालाच, कारण वर बांधलेली फीत ज्योतीपर्यंत पोहोचते.

पाया म्हणून थर्माकोल वापरू नका, तो गरम मेणाने वितळतो आणि मेणबत्ती कलंडते. ३० ते ३५ सेंमीचं पितळी किंवा स्टीलचं ताट, त्यात चार वाट्या, वाट्यांत कोरडी वाळू, आणि वाळूत मेणबत्ती निदान चार सेंमी खोल. तेवढे चार सेंमी जळायच्या लांबीतून वजा धरायचे. फांद्या सुरूच्या आणल्या तर लक्षात ठेवा, तीन-चार दिवसांत त्या कडकडीत वाळतात आणि ठिणगीने भडकतात. क्रोटनची किंवा आंब्याची पानं बरी, तीही दर शनिवारी बदलायची. पंख्याखाली चक्र ठेवलं की मेण एकाच बाजूने ओघळतं. मग दोष मेणबत्तीला देतात.

नक्षत्र

दिवाळीचे आकाशकंदील करणारे हात नाताळच्या चांदणीचा हा कंदील सहज करतात, तरी नक्षत्र वाकडं होतं ते दोन कारणांनी. एक, ओला बांबू. तो वाळताना आकसतो आणि गाठी सैल पडतात, म्हणून काड्या आठवडाभर सावलीत वाळवाव्या. दुसरं, आधार आधी घालणं. ९० सेंमीच्या दहा सारख्या काड्या घ्या, पाच-पाचच्या दोन सपाट चांदण्या करा, काड्या एक वरून एक खालून अशा विणत. दोन्ही एकमेकांवर ठेवून आधी पाचही टोकं बांधायची, मगच आतल्या पाच सांध्यांत १५ ते २० सेंमीचे आधार सरकवायचे. उलट क्रमाने केलं की टोकं जुळत नाहीत. काडी अर्ध्या सेंमीनेही लांब-आखूड असेल तर एक पाय लंगडा दिसतो.

डिसेंबरच्या पहाटे दंव पडतं आणि साधा पतंगी कागद लोंबतो. जिलेटिन कागद किंवा पातळ प्लास्टिक लावा. खळीने चिकटवलं तर झुरळं आणि उंदीर येतात. जुने लोक खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी आहे, लहान मुलं हात लावतात तिथे नको. आत ६० वॅटचा जुना बल्ब नको, ५ ते ७ वॅटचा एलईडी भरपूर झाला. होल्डरचं तोंड खाली, म्हणजे पाणी आत साठत नाही.

गोठ्याभोवतीचं शेत

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याभोवती हिरवं शेत २४ला चार बोटं उंच हवं असेल तर गहू १ डिसेंबरला पेरून उपयोग नाही. नाताळपर्यंत तो आडवा पडून पिवळा होतो. १४च्या रात्री भिजत घाला, १५ला निथळून फडक्यात बांधा, १६ला मोड दिसताच पसरा. नाचणी बारीक, तिची वाढ हळू, म्हणून तिची सगळी कामं तीन दिवस आधी. जेवणाच्या ताटाएवढ्या ट्रेला सव्वाशे ग्रॅम गहू पुरतो, दोन सेंमी मातीवर, दाण्याला दाणा टेकेल इतकाच दाट. थरावर थर टाकला की खालचे दाणे कुजून बुरशी आणि आंबूस वास येतो. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं, दिवसातून दोनदा. ट्रे पहिले दोन दिवस झाकलेला, नंतर उजेडात; कपाटाखाली विसरला की पिवळीजर्द लांब दोरे उगवतात. कीड लागू नये म्हणून औषध लावलेलं बियाणं दुकानातून आणू नका, घरातला गहू घ्या, आणि आधी वीस दाणे भिजवून बघा. पंधरांना तरी मोड आले पाहिजेत. कोंबड्या असतील तर ट्रे उंचावर.

गोठा बांधायला १९ डिसेंबरची गोवा मुक्तिदिनाची सुट्टी सोयीची पडते. पेंढा आणि दिव्याची तार यांत वीतभर अंतर राखा.

कुस्वाडाचा क्रम

कुस्वाड म्हणजे नाताळचे गोड पदार्थ, ते लवकर केले की नाताळला खवट. केकचा सुका मेवा नोव्हेंबरअखेरीस भिजत घाला, बाकीचं १७ डिसेंबरनंतर. दोदोल फसतो तो बहुधा घाईने. पाव किलो तांदळाच्या पिठाला अर्धा किलो माडाचा काळा गूळ आणि तीन नारळांचा रस. गूळ वितळवून गाळलाच पाहिजे, त्यात रेती असते. पीठ थंड रसात कालवून घ्या, गरम रसात टाकलं की गुठळ्या. मंद आचेवर ढवळत राहायचं, आणि कडा सुटल्या म्हणजे झालं असं समजायचं नाही. खोबऱ्याचं तेल बाजूला सुटेपर्यंत थांबायचं. तेल न सुटलेला दोदोल चार दिवसांत बुरशी धरतो. नेवऱ्या (करंज्या) फुटतात त्या ओल्या सारणाने. खोबरं कोरडं भाजून, पूर्ण गार करूनच भरा.

कुमसाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, २४ची वाट बघू नका, त्या दिवशी इगर्जीत (चर्चमध्ये) रांग दारापर्यंत येते.

गोठा पूर्ण झाला तरी गव्हाण २४च्या मध्यरात्रीपर्यंत रिकामीच राहते. बाळाची मूर्ती कापसात गुंडाळून वेगळी ठेवतात आणि ऐन वेळी ती सापडत नाही. कुठल्या कपाटात ठेवली ते गोठ्याच्या खोक्यावरच लिहून ठेवा. बाळाला भेटायला येणारे तीन राजेही लगेच गोठ्यात नकोत. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीच्या फळीवर उभे करून रोज थोडे पुढे सरकवतात आणि ६ जानेवारीला आत आणतात. उंट मोठा असेल तर गोठ्याचं दार आधीच मापून करा.