जुन्या शाळेची घरं करताय? आमच्या हातून झालेल्या या चुका टाळा

बेळगाव सोडून खानापूरच्या रस्त्याला लागलात की अशा शाळा दिसत राहतात. जांभ्या चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंती, पुढं लांब पडवी, वर मंगळुरी कौलं आणि दाराला गंजकं कुलूप. पटसंख्या घटली, मुलं दुसऱ्या शाळेत गेली, इमारत मात्र तशीच उभी. दुसऱ्या बाजूला वडगाव-शहापूरकडं मागावर काम करणारी किंवा निपाणीत विडी वळणारी माणसं एका खोलीत पाच-सहा जण राहतात. त्यामुळं "शाळा पाडण्यापेक्षा गरिबांना परवडणारी घरं करूया" असं कोणी म्हटलं की मन लगेच हो म्हणतं, माझंही म्हणालं होतं. एका संस्थेच्या दहा वर्गांच्या जुन्या शाळेच्या कामात मी साइटवर होतो, दोन वर्षं. नाव सांगत नाही, पण तिथं काय चुकलं ते सगळं सांगतो, कारण आता अजून दोन-तीन गावांतून विचारणा होतेय आणि तीच चूक परत होताना बघवणार नाही.

पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याच हिच्यातूनच निघाल्या: घरांचा आकडा आधी ठरवला

आमच्या मीटिंगमध्ये पहिल्याच दिवशी ठरलं की दहा वर्ग आहेत ना, मग वीस घरं. हेतू चांगलाच होता, जास्तीत जास्त कुटुंबांना छप्पर मिळावं. वर्ग २० बाय २४ फुटांचा, मधे भिंत घातली की १२ बाय २० ची दोन घरं, कागदावर एकदम बरोबर बसतं. पण जुन्या शाळेच्या वर्गाला उजेड आणि वारा दोनच बाजूंनी असतो, पुढून पडवीकडचे दार-खिडक्या आणि मागं मोठ्या खिडक्या. त्या २४० चौरस फुटांत संडास-बाथरूम बसवायचं म्हटल्यावर ते मागच्या खिडकीलाच चिकटलं, खिडकी अर्धी बुजली, आणि पुढं पडवीत प्रत्येकानं ओटा घालून स्वयंपाक सुरू केला. मधली खोली भर दुपारी अंधारी. नमुना म्हणून पहिली चार घरं पूर्ण केली तेव्हा एक मावशी आत आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "इथं लाईट गेली की लेकरू घाबरतंय बघा." त्या चारही घरांच्या मधल्या भिंती नंतर पाडल्या.

एक वर्ग म्हणजे एक घर, हे धरून चाला. २० बाय २४ म्हणजे ४८० चौरस फूट, जवळजवळ ४४.६ चौरस मीटर. पीएमएवाय (प्रधानमंत्री आवास योजना) शहरी २.० मध्ये ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटाच्या, घराचा कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली जागा) किमान ३० चौरस मीटर धरलाय आणि ४५ पर्यंत वाढवता येतो, म्हणजे शंभर वर्षांपूर्वी ज्यानं हा वर्ग आखला त्यानं नकळत एका छोट्या कुटुंबाचं घरच आखून ठेवलंय. आमची १२ बाय २० ची खोली २२ चौरस मीटरच्या आसपास, त्या मापात बसलीच नसती. (आणि हो, योजनेचे पैसे मिळतील हे गृहीत धरून बजेट करू नका. या योजना मुळात नवीन पक्क्या घरांसाठी लिहिलेल्या आहेत, जुनी इमारत बदलून केलेलं घर बसतं का हे लेखी विचारून घ्या, कुणाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.)

उंची १४ फूट आहे म्हणून पोटमाळा घालायची पण घाई नको. सामानापुरता अर्धा माळा, स्वतःच्या लोखंडी खांबांवर उभा केलेला, ठीक आहे. भिंतीत खोबणी पाडून अँगल ठोकले की जुना चिरा फुटतो.

ओला भाग जुन्या इमारतीच्या आत घुसवणं

शाळेत पाणी म्हणजे एक माठ आणि मागं आवारात मुतारी. घर केलं की तीच इमारत दिवसरात्र ओली. माणशी १३५ लिटर हा शहरी हिशोब धरा, दहा घरं, घरी पाच माणसं, म्हणजे रोज ६,७५० लिटर पाणी आत येणार आणि जवळजवळ तेवढंच बाहेर जाणार. हे सगळं चुना-मातीच्या भिंतींमधून पाइप घालून न्यायचं म्हणजे काय होतं ते आम्ही बघितलं. एका नहाणी ट्रॅपचा जॉइंट गळत होता, सहा महिने कळलंच नाही, आणि कळलं तेव्हा शेजारच्या घरातल्या भिंतीला लोणा (ओलीबरोबर बाहेर येणारं मीठ) लागला होता.

नंतर जे केलं तेच आधी करायला हवं होतं. मागच्या बाजूला स्वतंत्र पायावर एक अरुंद आरसीसी पट्टा उभा केला, त्यात सगळ्यांचे संडास-बाथरूम आणि स्वयंपाकाचा ओटा एका रांगेत, आणि जुन्या भिंतीपासून हात आत जाईल एवढी फट ठेवून, वरून फक्त झाकण. नवं बांधकाम जुन्याला बांधायचं नाही, कारण नवा पाया थोडा बसणारच आणि बसताना जुन्या भिंतीला ओढणार. निपाणी-चिकोडीकडं काळ्या मातीत तर हे अजून जपायला पाहिजे, ती माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खानापूर बाजूच्या तांबड्या जांभ्या मातीत तो त्रास कमी. पाण्याच्या टाक्या पण जुन्या भिंतींवर नकोत. हजार लिटर म्हणजे एक टन, सात टाक्या म्हणजे सात टन, त्याला वेगळा स्टँड करा. आणि हा पट्टा मागच्या खिडक्यांवर येणार नाही असा बेत आधीच करा, आम्ही दोन घरांमागं मोकळं अंगण सोडून तो बाजूला सरकवला.

सिमेंट. सगळीकडं सिमेंट.

यावर मला थोडं जास्त लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त पैसा इथं वाया गेला.

जुना गिलावा फुगलेला, पोपडे निघालेले, म्हणून कॉन्ट्रॅक्टरनं सगळा खरडून सिमेंटचं प्लास्टर मारलं, वर चकचकीत ऑइल पेंट. मे महिन्यात इमारत नवी कोरी दिसली. एक पावसाळा गेला आणि दिवाळीपर्यंत जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत ओल चढली, रंगाखाली फोड आले, पांढरा लोणा बाहेर. मग अजून घट्ट वॉटरप्रूफ केमिकल मारलं तर ओल अजून वर चढली. तेव्हा एक वयस्कर गवंडी मामा आले होते, भिंतीवर बोटानं टिचक्या मारत म्हणाले, "साहेब, सिमिट मारूलालासा, पर ह्या भिताडानं श्वास कुठनं घ्यायचा?"

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. चिरा आणि चुना दोन्ही पाणी पितात आणि सोडतात, जमिनीतून आलेली ओल गिलाव्यातून वाळून जाते. सिमेंटनं ती वाट बंद झाली की ओल वरची वाट शोधते आणि बरोबर मीठ घेऊन चढते. आमच्याकडं वर्षाला हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस, खानापूरच्या जंगलपट्ट्यात त्याहून कितीतरी जास्त, तिथं हे महागात पडतं.

तुमच्याकडं ऑलरेडी सिमेंट मारून झालं असेल तर असं करा. आधी बाहेरची जमीन बघा. वर्षानुवर्षं मुरूम आणि पेव्हर टाकून आवार उंच झालेलं असतं आणि जोतं बुडालेलं असतं, ते उकरून जोत्याच्या खाली आणा, पाणी वाहून जायला गटार काढा. निम्मी ओल इथंच थांबते. मग आतलं-बाहेरचं सिमेंट प्लास्टर काढा, हलक्या हातानं, ब्रेकर लावू नका. भिंत एक अख्खा उन्हाळा उघडी ठेवा. घाई करू नका, लोक "काम थांबलं" म्हणतील, म्हणू द्या. मग दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, खरवडून चुन्यानं भरा आणि एकास तीन चुना-वाळूचा गिलावा करा, ओल्या गोणपाटानं झाकून हळूहळू वाळू द्या. चुना भिजवताना गॉगल आणि हातमोजे हवेतच, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. रंग चुन्याचाच. चुन्यावर काम केलेले गवंडी आता थोडे राहिलेत, पण आहेत, त्यांच्या हाताखाली दोन पोरं द्या म्हणजे पुढच्या शाळेला उपयोग होईल.

छपराबद्दल

"कौलं काढा, स्लॅब टाका, कायमचं काम होईल" हे प्रत्येक मीटिंगला कोणीतरी बोलतंच. कौलांचं वजन चौरस मीटरला साधारण ४०-५० किलो, चार इंची स्लॅबचं २५०. खालच्या भिंतीला हे कोणी विचारलंय का? बेळगाव भूकंपाच्या झोन ३ मध्ये मोजलं जात आलंय, चुना-मातीतल्या भिंतींवर जड डोकं ठेवणं धोक्याचं आहे. पत्रे घातले तर पावसात घरात बोलणं ऐकू येत नाही आणि एप्रिलमध्ये भट्टी. चांगली कौलं उतरवून धुवून परत वापरा, कमी पडली तर आसपास पडलेल्या घरांची मिळतात. मंगळूरला बासेल मिशननं १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि मग आपल्या अख्ख्या पट्ट्यात ही कौलं पसरली. आमच्या छपरावर तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे ठसे सापडले, ती सात-आठ कौलं पडवीत लावून ठेवलीत. खरा खर्च लाकडाचा. तुळईची भिंतीत गेलेली टोकं तपासा, वरून सागवान ठणठणीत दिसतं आणि भिंतीतलं टोक वाळवीनं पोकळ असतं, स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघितल्याशिवाय कळत नाही.

मागच्या वाढीव खोल्यांवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. फोडू नका, कापू नका, पाणी मारून अख्खे उतरवा, मास्क लावून.

माडीची शाळा असेल तर अजून एक. कॉन्ट्रॅक्टर म्हणतील की वर्गाला चौरस मीटरला ३०० किलोचा लोड धरतात आणि घराला २००, मग काय टेन्शन नाही. कोडमध्ये ते आकडे खरेच तसे आहेत. पण २० फूट लांब, १० फूट उंच, साडेचार इंची विटांची भिंत प्लास्टरसकट पाच टनांच्या आसपास जाते आणि ती लाकडी माडीवर एकाच ओळीत बसते. पार्टिशन हलक्या ब्लॉकचं किंवा बोर्डाचंच करा, आणि स्ट्रक्चरल इंजिनियरची सही ड्रॉइंगवर घ्या.

कागद

हे खरं तर सगळ्याच्या आधी, पण आम्ही शेवटी केलं म्हणून इथं लिहितोय. जमीन कोणाची? सरकारी शाळा असेल तर गावानं बांधलेली असली तरी गावाला ती परस्पर देता येत नाही. संस्थेची असेल तर दानपत्र शोधा. १ नोव्हेंबर १९५६ च्या आधी हा भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुने कागद मराठीत, कधी इंग्रजीत आणि बरेचदा मोडीत. आमचं दानपत्र मोडीत होतं, कोणालाच वाचता येईना म्हणून ते बाजूला ठेवलं. वर्षभरानं वाचून घेतलं तेव्हा त्यात स्पष्ट होतं की जागा विद्यादानासाठी, अन्य वापर केल्यास मूळ घराण्याकडं परत. त्या घराण्यातले वारस पुण्यात निघाले, त्यांनी मोठ्या मनानं संमती दिली, पण न देती तर? मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्या आणि ऑफिसांसाठी त्याचं कन्नड भाषांतर नोटरी करून जोडा, त्याशिवाय फाईल टेबलावरून हलत नाही. कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून ईसी (जागेवर बोजा-व्यवहार काय आहेत त्याचा दाखला) काढा. शहरात असाल तर वापर बदलासाठी बुडाकडं (बेळगाव नगरविकास प्राधिकरण) जावं लागतं, ग्रामपंचायतीत पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) सुरुवात. बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीसारख्या केंद्रीय संरक्षित वास्तूपासून १०० मीटरच्या आत असाल तर नवं बांधकाम बंद आणि त्यापुढचे २०० मीटर परवानगी लागते, मागचा तो आरसीसी पट्टा इथंच अडकेल. घरं विकणार असाल आणि आठपेक्षा जास्त असतील तर रेराचं (घरविक्री प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा) बघा. वीज कंपनी हेस्कॉमचा शाळेचा एक मीटर असतो, दहा घरांचे वेगळे मीटर आणि लोड याचा अर्ज लवकर टाका.

आणि रजिस्टरं! आमच्या शाळेच्या कपाटातली दप्तरं रद्दीत जाता जाता वाचली. जनरल रजिस्टरमध्ये नाव, जन्मतारीख, जात, सगळं असतं, आजही म्हातारी माणसं त्यासाठी हेलपाटे घालतात. २०२३ पासून महाराष्ट्रात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरं किती कामाला आली ते सगळ्यांनी बघितलं, आणि सीमेच्या दोन्हीकडं सोयरीक असलेल्या आपल्या लोकांना त्याची गरज जास्तच. स्कॅन करा, मूळ प्रती बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसला यादी करून, पोचपावती घेऊन द्या. हे झाल्याशिवाय हातोडा उचलू नका.

युट्यूबवर अमेरिकेतल्या शाळांची घरं केलेले व्हिडिओ खूप फिरतात, बघा, पण हिशोब तिथला लावू नका. तिथं परवडणाऱ्या घरांसाठी १९८६ पासून टॅक्स क्रेडिट आहे आणि ऐतिहासिक इमारत नीट दुरुस्त केली तर खर्चाच्या २० टक्के वेगळं क्रेडिट, पैसा तिथून येतो. एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून घेण्यासारखी आहे, ते लांब कॉरिडॉर आणि वर्गांची ठेवण शक्यतो मोडत नाहीत. आम्ही पण शेवटी पडवी मोकळीच ठेवली, ग्रिल लावू दिलं नाही. संध्याकाळी सगळी पोरं तिथंच अभ्यासाला बसतात.

भाडं आधी ठरवा आणि लिहून ठेवा. इमारत सुंदर झाली की "होमस्टे करूया, जास्त येतील" असं म्हणणारे येतात, आमच्याकडं आले. घरं कोणासाठी, कोणत्या उत्पन्नाच्या कुटुंबासाठी, भाडं किती वर्षांनी किती वाढणार, हे ठरावात असलं तर त्यांना ठराव दाखवता येतो.

आणि भाड्यातले काही पैसे दर महिन्याला छपरासाठी बाजूला. मिरगाच्या आधी, मे महिन्यात, कौलं शाकारून घ्यायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाला काढायचा, गटार उपसायचं. आमच्याकडं आता दहा घरांतून एकेक माणूस त्या दिवशी सुट्टी घेतो, शिडी शेजारच्या तालमीतून आणतात, आणि गेल्या वर्षी कौलं चढवायला त्या गवंडी मामांचा नातू होता.