मास्किंग केलं आणि जॉइनच तुटले

टेस्टिंगला डेटाबेसची कॉपी देताना मोबाइल नंबरांवर रँडम मास्किंग लावलं, म्हणजे खऱ्या नंबरांच्या जागी बनावट नंबर टाकले. झालं, नंबरावरून टेबलं जोडणारे जॉइन तुटले, टेबलं जुळेचनात! एकाच नंबराला प्रत्येक टेबलात वेगळा बनावट नंबर मिळाला होता. नुसता हॅश (नंबरावरून गणिताने काढलेला, थेट उलटा न फिरवता येणारा कोड) मुद्दाम टाळला. १० अंकी सगळे नंबर हॅश करून मूळ नंबर शोधणं फार अवघड नसतं. शेवटी एफएफ१ हे फॉरमॅट राखणारं एन्क्रिप्शन वापरून नियम लिहिला: एन्क्रिप्शनची गुप्त किल्ली (‘की’) तीच असेल तर त्या नंबराला कायम तोच मास्क, आणि दोन नंबरांची टक्कर नाही. ही ‘की’ अर्थातच टेस्ट सर्व्हरवर ठेवली नाही.

खरी फजिती ‘शेरा’ कॉलमने केली. ‘दुसऱ्या नंबरवर फोन करा’, आणि पुढे अख्खा नंबर! तिथे सलग १० अंक झाकणारा रेजेक्स (मजकुरातला ठरावीक नमुना शोधणारा पॅटर्न) लावला. मधे स्पेस टाकलेले तरीही निसटले, मग पॅटर्न पुन्हा बदलला.